व्यापारी दाव्यांतील वकिली : ठाणे–कल्याण परिसर

व्यापारविषयक करार, मालाची खरेदी-विक्री, भागीदारी, हुंडी इत्यादींतून उद्भवणारे दिवाणी दावे चालविण्याचा व्यवसाय. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे त्याला लागलेल्या वळणाचे मूळ न्यायालयांच्या हद्दीत आढळते.

ब्रिटिश अमदानीत मुंबई बेटावर इंग्लंडच्या धर्तीची द्विस्तरीय पद्धती होती. पक्षकाराशी बोलणी, कागदपत्रांची जुळणी व दाव्याची तयारी सॉलिसिटर करी आणि न्यायालयात युक्तिवाद बॅरिस्टर वा अधिवक्ता करी. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत हीच पद्धती चालू राहिली. या शाखेची अधिकारिता मात्र प्रथम मुंबई बेटापुरती व पुढे बृहन्मुंबईपुरती होती. ठाणे व कल्याण तिच्या बाहेर राहिली. येथील दावे ठाण्याचे जिल्हा न्यायालय व दुय्यम दिवाणी न्यायालये यांत चालत. तेथील वकिलांना १८२७ च्या विनियमांनुसार, नंतर १९२० च्या मुंबई वकील अधिनियमानुसार सनदा मिळत. पक्षकाराची हकीकत ऐकण्यापासून वादपत्र लिहून युक्तिवाद करण्यापर्यंत सर्व कामे एकच वकील करी.

१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग आला. मुंबईशी व्यापार वाढला, तरी ही भिंत कायम राहिली. करार मुंबईत झाल्यास व्यापाऱ्याला तेथे दोन व्यावसायिकांचे शुल्क द्यावे लागे. ठाण्याच्या सनदी वकिलास मूळ शाखेत उभे राहता येत नसे.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला. तथापि सॉलिसिटरांचे वेगळेपण १ जानेवारी १९७७ पर्यंत टिकले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) ठाणे येथील वागळे व डोंबिवली येथील वसाहतींमुळे थकीत देयके, सदोष माल, यंत्रपुरवठा यांविषयीचे वाद वाढले.

व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ याने अशा वादांसाठी स्वतंत्र पद्धती घालून दिली. दाव्याची किमान मूल्यमर्यादा आरंभी १ कोटी रुपये होती. २०१८ मध्ये ती ३ लाख रुपये झाली आणि लहान कारखानदारही तिच्या कक्षेत आला. तातडीचा अंतरिम दिलासा मागितला नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग अवलंबणे आवश्यक असते. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. लेखी कैफियत समन्स मिळाल्यापासून कमाल १२० दिवसांत दाखल न केल्यास तो हक्क नष्ट होतो. साहजिकच वकिलाच्या दिरंगाईची झळ थेट पक्षकारास पोहोचते.

या शाखेसाठी वेगळी सनद नसते. विधी पदवी, राज्य अधिवक्ता परिषदेकडील नोंदणी व अखिल भारतीय परीक्षा यांनंतर ज्येष्ठांच्या हाताखालील उमेदवारीतूनच प्रावीण्य येते. हिशेबवह्या, पावत्या व पत्रव्यवहार यांतून पुरावा उभा करणे, हे मोफसिल वकिलाचे जुने कौशल्य येथे आजही निर्णायक ठरते.