उराशिमाची पेटी

जपानी लोककथेत समुद्रातल्या महालातून परतलेल्या उराशिमा तारोला गावी शतके उलटलेली दिसतात. महालातल्या पत्नीने दिलेली पेटी मनाई मोडून उघडताच तो म्हातारा होतो. या वार्धक्याला आज्ञाभंगाची शिक्षा म्हणणे सोपे आहे, पण जुना पुरावा तसे म्हणू देत नाही. 720 सालच्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात पेटीच नाही, परतणेही नाही. 'तांगो फुदोकी' या प्रांतवर्णनात 3 वर्षांमागे 300 वर्षे सरतात, पण पेटी उघडल्यावर हुकते ती पत्नीची पुनर्भेट. वार्धक्य आणि मृत्यू 'मान्योशू' या काव्यसंग्रहातल्या कवितेत येतात. मनाई फुदोकीतही आहे, हा आक्षेप खरा; मात्र तिथे ती पुन्हा भेटण्याची अट आहे, आज्ञाधारकपणाची परीक्षा नव्हे. मध्ययुगीन 'ओतोगीझोशी' कथांत तर तो क्रौंच होऊन उडतो आणि पुढे देव म्हणून पूजला जातो. निव्वळ अपराध्याला हे देवपण कोण देईल?