तारीख पे तारीख

पहिलं सिझेरियन, त्यामुळे दुसरंही सिझेरियनच ठरलं. सोयीची तारीख मात्र आम्ही सुचवायची होती. बायकोचं रिलीज पंधरवड्यावर, आणि दिघोरीहून आईचा फोन: "रोवना झाल्यावरची तारीख घे बाबू, मंगच मले येता येते."

बायकोने २६ आठवड्यांची रजा एक्सेलमध्ये मांडली. बाळंतपणाआधी शून्य, नंतर सगळी. २०१७ च्या दुरुस्तीनुसार आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, पण घ्यायलाच हवेत असं नाही. (१९६१ च्या मूळ कायद्यात एकूण १२च होते.)

मग शनिवारी जुनं वाचत बसलो. १९२४ साली ना. म. जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात असं विधेयक आणलं, ते बारगळलं. १९२८ ला मुंबई कौन्सिलात पुन्हा चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधीही विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला मुंबई प्रांतात कारखान्यांतल्या बायकांसाठी कायदा झाला.

ज्या 'आधी'साठी ते बोलले, तिथेच आम्ही शून्य टाकलं होतं!

बायकोला दाखवलं. दोन आठवडे आधी घरी बसते म्हणाली. तारीख आता ३९ आठवडे भरल्यावर डॉक्टरच देतील. आईला सांगायचं राहिलंय. त्या दिवशी अमावस्या निघाली तर अजून एक फोन येणार :)