एका क्रियापदाची लढाई

युरोपीय सत्ता आफ्रिकेची वाटणी करत होत्या त्या काळात इथिओपिया स्वतंत्र राहिला, याचे श्रेय आदवाच्या लढाईला दिले जाते. ते योग्यच आहे. पण ज्या तहावरून ती लढाई पेटली, तो तह मुळातून पाहण्याजोगा आहे.

२ मे १८८९ रोजी वुचाले येथे मेनेलिक दुसरा आणि इटलीचा वकील काउंट अंतोनेल्ली यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्याच्या अम्हारिक आणि इटालियन अशा दोन प्रती होत्या. इतर राष्ट्रांशी व्यवहार करताना राजाला इटलीची मदत घेता येईल, असे अम्हारिक प्रतीतले १७वे कलम सांगत होते. इटालियन प्रतीत मात्र त्या जागी ‘संमती देतो’ अशा अर्थाचे क्रियापद होते. म्हणजे हे व्यवहार इटलीमार्फतच करण्याचे राजाने कबूल केले, असा अर्थ इटलीने काढला. एकीकडे सवलत, दुसरीकडे बंधन. त्याच वर्षी इटलीने युरोपातील सत्तांना कळवून टाकले, की इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली आला आहे.

मेनेलिकने राज्याभिषेकाची पत्रे ब्रिटन आणि जर्मनीला पाठवली. पत्रव्यवहार इटलीमार्फत व्हावा, असे उत्तर आले. पुढच्या वाटाघाटींत सम्राज्ञी ताइतूने तडजोडीला ठाम विरोध केला. १८९३ साली मेनेलिकने तह झुगारून दिला. १ मार्च १८९६ रोजी आदवाच्या डोंगरांत जनरल बारातिएरीच्या फौजेचा धुव्वा उडाला, रोममधले क्रिस्पी सरकार कोसळले आणि ऑक्टोबरात इटलीने इथिओपियाचे संपूर्ण स्वातंत्र्य मान्य केले.

विजयाची ही कथा बहुधा इथेच थांबते. पण वुचालेच्या तहात सीमेचेही कलम होते. त्याने अस्माराभोवतीचा पठारी मुलूख इटलीकडे गेला आणि १८९० साली एरिट्रिया ही वसाहत जाहीर झाली. आदवाला इटलीच्या बाजूने लढलेले अस्कारी शिपाई मुख्यत्वे याच वसाहतीचे होते. इटालियन कैदी पुढे मायदेशी परतले. पकडलेल्या शेकडो अस्कारींचा मात्र राजद्रोही म्हणून उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. ज्यांचा मुलूख तहाने इटलीला मिळाला, त्यांनाच द्रोहाची शिक्षा झाली.

जिंकल्यावरही मेनेलिक मेरेब नदी ओलांडून पुढे गेला नाही. १९०० साली त्याने इटलीशी नवा सीमातह केला. एरिट्रिया १९९३ साली स्वतंत्र देश झाला आणि १९९८ ते २००० या काळात दोन्ही देश सीमेवरून लढले. हजारो माणसे मेली. २००२ साली हेग येथील सीमा आयोगाने निवाडा दिला, तेव्हा त्याच्यासमोर आधार म्हणून होते ते १९००, १९०२ आणि १९०८ चे तह. मेनेलिकच्या काळातले आणि इटलीशी केलेले. १७वे कलम आदवाला पुसले गेले. सीमेचा प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही माणसे मारत राहिला.