संसार उरकल्यावर एकटीने

22 मार्च 1842 रोजी व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीतून निघालेल्या आगबोटीत ईडा फायफर एकटीच चढली. वय 44. दोन्ही मुलगे मार्गी लागले होते आणि हाताशी आईकडून वारशाने आलेली थोडी रक्कम होती. कॉन्स्टँटिनोपलला मैत्रिणीकडे जाऊन येते, असे तिने घरी सांगितले होते. खरा बेत जेरुसलेमचा होता. तो आधी कळला असता तर नातेवाइकांनी तिला उंबरा ओलांडू दिला नसता.

आज 44 हे कुणी निवृत्तीचे वय मानणार नाही. पण सर्वसामान्यांसाठी निवृत्ती तेव्हा कायद्यात नव्हतीच. जर्मनीत वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा 1889 मध्ये झाला आणि त्याची वयोमर्यादा होती 70. ईडाच्या काळातल्या मध्यमवर्गीय बाईची निवृत्ती म्हणजे संसारातून मोकळे होणे, आणि तिचा संसार सोपा नव्हता. 1820 मध्ये तिचे लग्न लेम्बर्गच्या एका वकिलाशी झाले. तो तिच्याहून 24 वर्षांनी मोठा. सरकारी अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार त्याने उघड केला आणि त्यापायी त्याचे बस्तान उठले. ईडाने संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या करून घर चालवले. मुलांच्या पुढ्यात कोरड्या पावाशिवाय ठेवायला काही नसे, असेही दिवस तिने काढले.

देवदर्शनाच्या नावाने बाईला घराबाहेर पडता येते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. जेरुसलेमची यात्रा ईडाच्या श्रद्धेची होतीच, पण एकट्या बाईच्या प्रवासाला समाजाला पटेल असे कारणही त्या यात्रेनेच पुरवले. इजिप्त आणि इटली पाहून ती वर्षअखेरीस परतली. 1843 मध्ये प्रवासवर्णन छापले गेले, तेही सुरुवातीला तिच्या नावाशिवाय. ते चांगले खपले, आणि पुढच्या प्रवासाचा खर्च त्यातूनच निघाला.

हा पुढचा प्रवास मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याला यात्रेचे निमित्त नव्हते. तिला आइसलँड पाहायचे होते, एवढेच. त्यासाठी ती डॅनिश आणि इंग्रजी शिकली, छायाचित्रे घेण्याची नुकतीच निघालेली डागेरोटाइप पद्धतही शिकली. 10 एप्रिल 1845 रोजी ती निघाली आणि प्राग, हॅम्बर्ग, कोपनहेगन करत शिडाच्या जहाजाने आइसलँडला पोहोचली. तिथे रस्ते नव्हते. वाटाड्या सोबत घेऊन घोड्यावर बसायचे, भिजायचे आणि रात्री गावच्या चर्चमध्ये पाठ टेकायची. तिने गायझरचे उकळते फवारे पाहिले. हेक्ला ज्वालामुखी चढून आली. ती बेटावरून गेल्यावर काही आठवड्यांतच, 2 सप्टेंबरला, त्याचा उद्रेक झाला. वनस्पती आणि कीटकांचे नमुनेही तिने गोळा केले आणि पुढे संग्रहालयांना विकले. परतीच्या वाटेवर नॉर्वे आणि स्वीडन पाहून ती ऑक्टोबरमध्ये घरी आली. आइसलँडच्या गरीब माणसांबद्दल तिने काही ठिकाणी फार कठोर लिहिले आहे, आणि ते वाचताना खटकते. पण पाहिलेले सजवून सांगण्याची सवय तिला नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यानंतर तिने दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. पहिल्या फेरीत, 1848 च्या सुरुवातीला, ती वेरूळची लेणी पाहून औरंगाबाद आणि पुण्यामार्गे मुंबईला आली होती. बर्लिन आणि पॅरिसच्या भूगोल संस्थांनी तिला सन्मानाने सदस्य करून घेतले. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे दार मात्र स्त्रियांना बंद होते; ते कायमचे उघडले 1913 मध्ये.

उतारवयातल्या एकट्या प्रवाशाला युरोपने सहजासहजी वाट दिलेली नाही. अनेक देशांतल्या रेल्वेंसाठी एकच इंटररेल पास 1972 मध्ये निघाला, तोसुद्धा 21 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी. त्याची वयाची अट पूर्णपणे गेली 1998 मध्ये. आज साठी-सत्तरीतली माणसे पाठीवर सॅक टाकून आणि हा पास खिशात घालून एकेकटी निघतात. त्यांच्या कितीतरी आधी ईडाने ही वाट स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या पायांनी मळवली होती.

पुढे मादागास्करच्या प्रवासात जडलेल्या तापाने 27 ऑक्टोबर 1858 रोजी व्हिएन्नात तिचा मृत्यू झाला. 1892 मध्ये तिचे अवशेष शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत, मान्यवरांच्या विभागात हलवण्यात आले. व्हिएन्नाला गेलात तर 71 क्रमांकाची ट्राम तिथे जाते. बीथोव्हेनच्या समाधीपाशी गर्दी असते. थोडा वेळ काढून ईडा फायफरचीही समाधी शोधा.