पथारीचा जुना सोबती

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. एस.टी.ची बस ठरते आणि मुक्कामासाठी एखादी धर्मशाळा, भक्तनिवास किंवा स्वस्तातले लॉज शोधले जाते. बरोबर घ्यायच्या वस्तूंच्या यादीत बॅटरी असते, औषधांची पेटी असते, शिट्टीही असते. ढेकणाचा विचार मात्र कोणी केलेला नसतो. पहिल्या रात्री दिवे मालवले, की तो आपली हजेरी लावून जातो.

प्रवासी आणि ढेकूण यांचे नाते फार जुने आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे कामगारांच्या वस्तीच्या उत्खननात ढेकणांचे अवशेष सापडले असून ते सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडे संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. पंचतंत्रात राजाच्या पलंगावर पाहुणा म्हणून आलेल्या अग्निमुख नावाच्या मत्कुणाची गोष्ट आहे. तो राजाला चावतो आणि पलंगाच्या फटीत पळतो. सेवक शोध घेतात तेव्हा वस्त्राच्या शिवणीत सापडते ती बिचारी ऊ, आणि तीच प्राणाला मुकते. गोष्टीचे तात्पर्य काहीही असो, तिच्यातले निरीक्षण अचूक आहे. ऊ अंगावरच्या वस्त्राला धरून राहते. ढेकूण अंगावर राहत नाही. पोट भरले, की तो जवळच्या फटीत परततो.

पुढचा सारा इतिहास समजून घ्यायला एवढी एक सवय पुरे आहे. ढेकणाला पंख नाहीत. दूरचा प्रवास तो करतो तो आपल्या सामानाच्या फटींतून. पेर काल्म हा स्वीडिश निसर्ग-अभ्यासक १७४८ मध्ये उत्तर अमेरिकेत गेला, तेव्हा युरोपीय वसाहतींतील घरांत ढेकूण भरपूर आहेत, पण मूळ रहिवाशांकडे ते नाहीत, असे त्याला आढळले. ढेकूण जहाजांतून, पेट्यांबरोबर समुद्र ओलांडून गेले होते.

जुन्या लोकांनी योजलेले उपाय याच सवयीवर बेतलेले होते. एकोणिसाव्या शतकात युरोपात लोखंडी पलंगांचा प्रसार झाला, त्यामागे लाकडाच्या फटी टाळणे हेही एक कारण होते. बाल्कन प्रदेशात लोक रात्री खोलीत घेवड्याच्या जातीच्या वेलाची पाने पसरत आणि सकाळी त्यांवर अडकलेल्या ढेकणांसह ती जाळून टाकत. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली याचे कारण दाखवून दिले. पानांवरचे आकड्यांसारखे बारीक केस ढेकणाच्या पायांच्या सांध्यांतील मऊ त्वचेत घुसतात. आपल्याकडे खाटा-बाजा उन्हात काढून सांध्यांत उकळते पाणी ओतत. तेही शास्त्राला धरूनच होते. प्रयोगात ४५ अंश सेल्सिअसला प्रौढ ढेकूण सुमारे दीड तासात मेले, त्यांच्या अंड्यांना मात्र सुमारे सात तास लागले. तापमान ५० अंशांवर नेले, की दोन्ही झटपट मरतात. नुसत्या उन्हात ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. उकळत्या पाण्यापुढे त्याला तेवढी सवड मिळत नाही.

मग डी.डी.टी. आले. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि त्यासाठी १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भिंतीवर एकदा फवारले, की महिनोन् महिने त्याचा परिणाम टिके. आता ढेकणाच्या सवयी कोण कशाला अभ्यासणार? पण १९४७ मध्येच हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या बराकींत डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळले. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी फवारणी होऊ लागली. अशा मोहिमांत अनेक देशांत एकच अनुभव आला. आधी ढेकूण मेले म्हणून लोक खूश झाले. पुढे ते मरेनासे झाले, तेव्हा फवारणीच निरुपयोगी ठरवून लोकांनी दारे लावून घेतली. डासासाठी केलेल्या उपायाची परीक्षा लोक ढेकणावरून करत होते.

ही प्रतिकारशक्ती येते कुठून? विष ढेकणाला काही शिकवत नाही. हजारांतल्या ज्या थोड्यांमध्ये जन्मतः वेगळे जनुक असते, तेवढे वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. डी.डी.टी.च्या जागी नंतर पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके आली. परंतु दोन्हींचा घाव मज्जातंतूंतील सोडियमच्या एकाच मार्गावर पडतो. त्यामुळे जुन्या विषातून तरलेल्यांपैकी अनेकांच्या वंशजांना नवे विषही बाधेना. त्यात विमानप्रवास वाढला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ज्या श्रीमंत देशांत ढेकूण जवळजवळ विस्मरणात गेला होता, तेथे तो परतला. २०२३ मध्ये पॅरिस शहरात त्याच्यावरून मोठा गदारोळ झाला. वर्गात नैसर्गिक निवडीचे उदाहरण हवे असेल, तर याहून जवळचे क्वचितच सापडेल.

म्हणून आता पुन्हा सवयींकडेच वळायला हवे. मुक्कामी पोहोचताच सामान पलंगावर टाकू नये. आधी बॅटरीच्या उजेडात गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे आणि उशाकडच्या भिंतीच्या भेगा पाहाव्यात. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, टाकलेल्या काती किंवा मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी दिसली, तर खोली बदलून मागावी. वापरलेले कपडे पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत. मळक्या कपड्यांकडे ढेकूण स्वच्छ कपड्यांच्या दुपटीने आकर्षित होतात, असे २०१७ मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी दाखवले. घरी परतल्यावर कपडे कडकडीत पाण्यात भिजवावेत.

येथे एक सावधगिरी हवी. पाश्चात्त्य पुस्तकांत पलंगाच्या पायांखाली गुळगुळीत कडांच्या वाट्या ठेवायला सांगतात. तिकडच्या ढेकणाला त्या चढता येत नाहीत. आपल्या उष्ण प्रदेशात मुख्यतः आढळणारी जात वेगळी आहे आणि ती गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक चांगली चढते. उसना उपाय आपल्या जातीवर तपासूनच घ्यावा.

बंद खोलीत मुले झोपणार असताना विषारी फवारा मारणे, हे मात्र कधीही करू नये. ढेकणाच्या चाव्याने खाज येते, झोप मोडते. पण त्याच्यामुळे माणसांत एखाद्या रोगाची साथ पसरल्याचा पुरावा नाही. विषाच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांसाठी. सहलीनंतर एखाद्या मुलाच्या घरी ढेकूण निघाले, की ‘घर अस्वच्छ’ असा शिक्का बसतो. ढेकूण रक्तावर जगतो, कचऱ्यावर नव्हे. चकचकीत हॉटेलातूनही तो येतो. लाजेपोटी घरचे गप्प बसतात, आणि तेवढ्या दिवसांत एकाचे शंभर होतात. पंचतंत्रातल्या सेवकांनी हाती लागली तिला दोषी ठरवले आणि खरा गुन्हेगार फटीत राहिला. आपल्या वर्गात तरी ती चूक होऊ नये.