चाकांची अदलाबदल : खर्च थोडा, लाभ मोठा

मोटारीच्या देखभालीचा विषय निघाला की इंजिन ऑइल, ब्रेक आणि बॅटरी यांची आठवण प्रत्येकाला होते. टायरकडे मात्र पंक्चर झाल्याखेरीज सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक मोटार आणि रस्ता यांचा संबंध येतो तो प्रत्येक टायरच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागापुरता. ब्रेक कितीही उत्तम असले, तरी गाडी थांबते ती या भागाच्या पकडीमुळेच. चारही टायरची झीज सारखी व्हावी, यासाठी ठरावीक अंतरानंतर चाकांच्या जागा बदलणे म्हणजे ‘टायर रोटेशन’. देखभालीतील हे सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित काम आहे.

झीज असमान का होते?

चिंचपोकळीचेच उदाहरण घेता येईल. स्थानकाजवळच्या पुलाचा चढ, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील सिग्नल, लालबागची गर्दी अशा रस्त्यावर गाडी क्षणोक्षणी थांबते आणि पुन्हा निघते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो. आजच्या बहुसंख्य लहान मोटारींत इंजिनाची शक्तीही पुढच्याच चाकांना मिळते. गाडी ओढणे, वळवणे आणि थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्या दोन टायरवर पडतो. मागचे दोन त्या मानाने आरामात असतात.

डाव्या-उजव्या बाजूंतही फरक पडतो. संत गाडगे महाराज चौकात, म्हणजे सात रस्त्याला, उजवीकडे वळसा घालताना भार डाव्या टायरवर जातो. फुटपाथला खेटून गाडी लावतानाही डाव्या टायरच्याच कडा घासल्या जातात.

जुन्या फियाटचे गणित निराळे होते. प्रीमिअर पद्मिनीत इंजिन पुढे, पण शक्ती मागच्या चाकांना मिळे. त्यामुळे वळवणे पुढच्या टायरकडे आणि गाडी ढकलणे मागच्यांकडे, अशी कामाची वाटणी होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना घरोघरी पोहोचली. पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मात्र ‘पुढचे टायर बदलले की झाले’ ही समजूत अजून निवृत्त झालेली नाही.

अदलाबदल कशी करावी?

पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत पुढची दोन्ही चाके सरळ मागे न्यावीत. मागची पुढे आणताना त्यांच्या बाजू बदलाव्यात, म्हणजे मागचे डावे पुढे उजवीकडे आणि मागचे उजवे पुढे डावीकडे. मागच्या चाकांना शक्ती मिळत असल्यास नेमके उलट : मागची चाके सरळ पुढे आणि पुढची तिरकी मागे. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत सर्व चाके तिरकी बदलण्याची पद्धतही वापरली जाते. अशा गाडीत अदलाबदलीचे महत्त्व अधिक, कारण टायरच्या झिजेत मोठा फरक पडल्यास त्याचा ताण शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेवर येतो.

काही टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. असे टायर फक्त एकाच बाजूला पुढे-मागे करावेत. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतील, तर पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही. रेडियल टायरची बाजू कधीच बदलू नये, हा सल्ला जुन्या पिढीतील कारागीर आजही देतात. तो सुरुवातीच्या रेडियल टायरसाठी होता. आजच्या बाणविरहित रेडियल टायरना ही अडचण नाही.

स्टेपनीचे काय?

‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लॅनेली गावातील स्टेप्नी स्ट्रीटवरून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे जादा चाके तयार होत. स्टेपनी इतर चाकांच्याच मापाची असेल, तर पाचही चाके फेऱ्यात घेता येतात. अन्यथा ती न वापरताच जुनी होते. कमी रुंदीची तात्पुरती स्टेपनी मात्र या फेऱ्यात घेऊ नये. टायरमधील हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचे साहित्य असलेल्या मोटारींना २०२० मधील नियमबदलानंतर स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. गाडीत स्टेपनी आहे की नाही, हे आधीच पाहून ठेवावे.

केव्हा करावी?

साधारणतः दर आठ ते दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करावी. गाडीच्या पुस्तिकेत निराळे अंतर दिले असल्यास ते पाळावे. गाडी कमी फिरत असेल, तर वार्षिक सर्व्हिसिंगच्या वेळी हे काम करून घेणे सोयीचे. विजेवर चालणाऱ्या मोटारी वजनाने जड असतात आणि चटकन वेग घेतात. त्यांचे टायर लवकर झिजत असल्याने अधिक दक्षता हवी.

गिरणगावातील अनेक कुटुंबे गणपतीला कोकणात जातात. पावसाळ्याचे ते दिवस, परशुराम आणि कशेडीसारखे घाट आणि सामानाने भरलेली गाडी! टायरवरील खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाहेर फेकणे हे असते. खाचा उथळ झाल्या की पाण्याचा थर साचतो आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. त्यामुळे अदलाबदल आणि तपासणी पावसाळ्यापूर्वीच उरकावी. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. खाचांमधील छोटे उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीला आले, की ही मर्यादा गाठली असे समजावे.

रोगाचे निदानही

चाके उतरवली की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात : रुतलेला खिळा, खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला आलेला फुगवटा, आतल्या कडेची झीज. मध्यभागच झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आणि ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर वा बॅलन्सिंगमध्ये दोष असण्याची शक्यता असते. हे दोष दूर न करता केवळ जागा बदलल्यास चांगले टायरही खराब होतात.

अदलाबदलीनंतर हवेचा दाब नव्या जागेनुसार ठेवावा, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तो वेगळा असू शकतो. चाकाचे नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

दोनच टायर नवे घेतल्यास

अदलाबदल टाळली की पुढची जोडी आधी संपते आणि दोनच नवे टायर घेण्याची वेळ येते. ते पुढे बसवण्याकडे सर्वसाधारण कल असतो. टायर उत्पादकांचा सल्ला मात्र नवी जोडी मागे बसवण्याचा आहे. पुढची पकड सुटली तर गाडी वळत नाही, पण चालकाला ते स्टिअरिंगवर जाणवते आणि वेग कमी करता येतो. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सावरायला अवधी मिळत नाही. नियमित अदलाबदल केली तर चारही टायर जवळजवळ एकाच वेळी बदलता येतात आणि हा प्रश्नच उद्भवत नाही.