धुराचा लिलाव

मार्च 1993 मध्ये शिकागोच्या बोर्ड ऑफ ट्रेडने एक अजब लिलाव भरवला. एरवी या बाजाराची ओळख मका, गहू आणि सोयाबीनच्या वायद्यांची. यावेळी विकायला आली होती धूर सोडण्याची परवानगी. एक परवाना म्हणजे वीजकेंद्राच्या धुराड्यातून एक टन सल्फर डायऑक्साइड सोडण्याचा हक्क. अमेरिकी सरकारने असे दीड लाख परवाने विक्रीला काढले होते. सर्वांत स्वस्त परवाना 122 डॉलरला गेला, सर्वांत महाग 450 डॉलरला.

पैसे मोजा आणि खुशाल हवा घाण करा, अशी ही सोय अनेक पर्यावरणवाद्यांना किळसवाणी वाटली. काहींनी मात्र वेगळीच शक्कल लढवली. पुढच्या वर्षी मेरीलँडमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिलावात परवाने विकत घेतले, ते न वापरता ठेवून देण्यासाठी. तेवढा धूर कायमचा कमी!

कल्पना जुनी होती. आपल्या धंद्याने शेजाऱ्याचे नुकसान होत असेल तर त्यावर कर बसवावा, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 मध्येच मांडले होते. कॅनडाचे जॉन डेल्स 1968 मध्ये त्याच्या पुढे गेले. सरकारने एकूण घाणीची मर्यादा ठरवावी, तिचे परवाने करावेत आणि मग ते खुशाल विकू-विकत घेऊ द्यावेत. ज्याला धूर कमी करणे स्वस्त पडते तो कमी करेल आणि उरलेला परवाना विकेल. ज्याला महाग पडते तो विकत घेईल. जवळजवळ वीस वर्षे ही कल्पना अर्थशास्त्राच्या वर्गातच राहिली.

तिला बाहेर काढले आम्ल पावसाने. त्यामागेही सरकारी नियमाचीच एक गंमत होती. 1970 च्या कायद्याने हवेची तपासणी जमिनीलगत, त्या त्या भागात होई. तेव्हा ओहायो खोऱ्यातल्या वीज कंपन्यांनी धूर कमी करण्याऐवजी धुराडी उंच केली. आसपासची हवा कागदोपत्री स्वच्छ झाली आणि धुरातले गंधक वाऱ्याबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तळ्यांवर आम्ल पाऊस होऊन पडू लागले. तळ्यांतले मासे मेले. कॅनडाने तक्रारी केल्या. ऐंशीचे दशक ‘अजून अभ्यास हवा’ म्हणण्यात गेले.

अखेर राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी 15 नोव्हेंबर 1990 रोजी नव्या कायद्यावर सही केली. वर्षाला सोडला जाणारा सल्फर डायऑक्साइड 1980 च्या पातळीपेक्षा एक कोटी टनांनी खाली आणायचा होता. 1995 पासून सर्वांत घाणेरडी 110 वीजकेंद्रे कायद्याखाली आली, 2000 पासून जवळपास सगळीच मोठी. बहुतेक परवाने जुन्या केंद्रांना फुकट वाटले गेले. लिलावाला आला तो लहानसा हिस्सा. ही खिरापत नसती तर कायदा संसदेतून पुढे सरकलाच नसता.

या बाजाराचे कौतुक करणारे एक गोष्ट हमखास विसरतात. बाजाराचा खरा पाया होता धुराड्यात बसवलेला मीटर. किती धूर गेला याची तासातासाची नोंद थेट सरकारकडे जाई. परवान्यापेक्षा जास्त सुटलेल्या प्रत्येक टनाला 2000 डॉलर दंड, शिवाय तेवढाच परवाना पुढच्या वर्षातून वजा. निरीक्षकाच्या मर्जीला जागाच नाही. मोजमाप असे चोख होते म्हणून परवान्याला किंमत आली.

ती किंमत मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली. उद्योगांनी टनाला हजार-दीड हजार डॉलर खर्चाची भीती घातली होती. 1996 मध्ये परवाना शंभर डॉलरच्याही खाली मिळत होता. श्रेय बाजाराच्या जादूला मिळाले, पण त्यातला मोठा वाटा रेल्वेचा होता. 1980 मध्ये रेल्वेभाड्यांवरची सरकारी बंधने सैल झाली, कंपन्यांत चढाओढ लागली आणि वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा मध्य अमेरिकेपर्यंत स्वस्तात पोहोचू लागला. धूर गाळणारी महागडी यंत्रे बसवण्यापेक्षा कोळसा बदलणे अनेकांना परवडले. त्याचा फटका इलिनॉय आणि ओहायोच्या गंधकयुक्त कोळशाच्या खाणींना आणि तिथल्या कामगारांना बसला.

2007 पर्यंत गंधक ठरल्या मर्यादेखाली आले. कायदा केला होता तळ्यांसाठी, पण मोठा लाभ झाला तो माणसांच्या फुप्फुसांना, कारण गंधकाच्या धुरातून तयार होणारे सूक्ष्म कण घटले. आणि मग हा बाजार सरकारच्याच हातून मोडला. नवे कडक नियम येणार म्हणून 2005 च्या अखेरीस भाव दीड हजार डॉलरवर गेला. 2008 मध्ये न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले आणि तो कोसळला. पुढे राज्याराज्यांच्या वेगळ्या मर्यादा आल्या. 2012 मध्ये परवाना एका डॉलरलाही कोणी घेईना.

त्याच सुमारास भारतात या कल्पनेची जुळवाजुळव चालली होती. 2011 मध्ये केंद्राने धुरातल्या धूलिकणांच्या परवान्यांच्या बाजारासाठी गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडू ही तीन राज्ये निवडली. प्रत्यक्षात बाजार उभा राहिला 2019 मध्ये, सुरतेत. कापडाच्या रंगाई-छपाईला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. त्या धुराखालीच उधना-लिंबायतच्या वस्त्यांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात.

जुन्या कायद्यात गुजरातच्या प्रदूषण मंडळाकडे मोठी हत्यारे होती: कारखाना बंद करा, वीज तोडा. पण एवढी कडक शिक्षा क्वचितच होई, म्हणून नियम सर्रास मोडले जात. नव्या पद्धतीत धुराड्यात मीटर बसले, कारखान्यांनी अनामत आधीच भरली, आणि परवान्याचा भाव किलोला 5 ते 100 रुपयांच्या मध्येच राहील असे ठरले. जादा धुराची भरपाई अनामतीतून कापली जाई. संशोधकांनी 317 कारखान्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून तुलना केली. बाजारातल्या कारखान्यांचे धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी कमी भरले, आणि तेही कमी खर्चात.

महाराष्ट्राने 2017 मध्ये दुसरी वाट धरली. इथल्या प्रदूषण मंडळाने कारखान्यांच्या धुराला एक ते पाच तारे देऊन ते लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. पाच तारे म्हणजे स्वच्छ, एक म्हणजे घाण. मात्र एक तारा मिळाला म्हणून कारखान्याला परवाना विकत घ्यावा लागत नाही.